कान्हू मेंगाळची पेन्शन

उर्से गावाच्या हद्दीतल्या त्या कारखान्यात घण सुरू झाला की बाहेरच्या चहाच्या टपरीवरचे ग्लास थरथरतात. नवा माणूस दचकून छताकडे बघतो. कान्हू मेंगाळ त्या घणासमोर बावीस वर्षं उभा होता. भट्टीतून आलेला लालभडक तुकडा सांडशीत धरायचा, साच्यावर ठेवायचा, वरून दोन टनांचा घाव पडायचा, तुकडा फिरवायचा, परत घाव. समोर घण पाडायच्या पायडलवर सरदार शेख. कान्हूचा हात मागं सरला की नाही ते सरदारनं बघायचं, आणि सरदारचा पाय कधी पडणार ते कान्हूनं ओळखायचं. दोघांत बोलणं नाही, त्या आवाजात बोलणार तरी काय.

बावीस वर्षांत हा मेळ एकदाच चुकला. कान्हूच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट साच्यावरच राहिलं. सरदार तीन दिवस जेवला नाही. दवाखान्यातून कान्हूनं निरोप धाडला, "तुजी चूक न्हाई. माजं ध्यान उडालतं. कामावर ये."

कान्हू आंदर मावळातल्या ठाकरवाडीतला. त्याचा बाप हातानं बोलायचा. भात करपला तरी हात, गुरं चुकली तरी हात, आणि काहीच झालं नाही त्या दिवशी कशाचीच वाट न बघता हात. सतराव्या वर्षी वाडीची गुरं अडवायला आलेल्या एका जमीनदलालाच्या माणसाचे दोन दात पाडून कान्हू वाडीबाहेर पडला, तो परत राहायला गेला नाही. पुढं कारखान्यात लागला, कायम झाला, कर्ज काढून तळेगावात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बायको बबिता, मुलगी मानसी, ती पुण्यात नर्सिंग शिकत होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस मार्गी लागला. पण घरात काही मनाविरुद्ध झालं की कान्हूचा जबडा आवळायचा आणि बबिता हातातलं काम ठेवून दाराच्या बाजूला सरकायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आपोआप झालं होतं.

त्याला सांडशी धरायला शिकवलं ते महिपती आबांनी. आबा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन बसली महिन्याला दोन हजार आणि वर काही. नवरा-बायकोच्या औषधांनाही ती पुरेना, म्हणून आबा लोणावळ्यात एका बंगल्यावर वॉचमन म्हणून राहिले. बंगला शनिवार-रविवारी भाड्यानं जायचा. एका रविवारी दुपारी आठ जण पोहण्याच्या टाकीभोवती पीत बसले होते, स्पीकर इतका मोठा की शेजारच्या घरातल्या बाईनं दोनदा येऊन तक्रार केली. आबा आत गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, आवाज जरा कमी करा." एकानं हसत हसत बाटली त्यांच्या तोंडावर फोडली. आबा खाली पडल्यावर बाकीच्यांनी लाथा घातल्या. ओल्या फरशीवरून एक जण स्वतःच घसरला, तर त्याचाही राग आबांवरच निघाला. डावा डोळा गेला. तीन बरगड्या मोडल्या.

कान्हू दवाखान्यात गेला तेव्हा आबांचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळ्याच्या जागी काळानिळा गोळा आणि त्यावर पट्टी. आबांनी त्याला खुणेनं जवळ बसवलं. मग म्हणाले, "कान्हू, घणाम्होरं पस्तीस वर्सं काडली. डोळ्यात ठिनगी जाऊ दिली न्हाई. आन् पोटासाठी हितं हुबा ऱ्हायलो, तर डोळाच गेला. तू आपली येगळी पेन्शन कर. कंपनीच्या भरवशावर ऱ्हाऊ नगंस."

कान्हूनं ते मनावर घेतलं.

त्याच सुमारास कारखान्याच्या कँटीनमध्ये समर्थ यायला लागला होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, वय तिशीच्या आत. तळेगाव स्टेशनाजवळ त्याचं इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायचं ऑफिस होतं. कामगारांना तो कागदावर आकडे मांडून दाखवायचा. कान्हूचाही हिशेब त्यानं मांडला. पगारातून घरकर्जाचं व्याज, फंड, विमा असं सगळं वजा जाता कान्हूचं उत्पन्न पाच लाखांच्या थोडं वर उरत होतं.

"कान्हूभाऊ, तुम्ही पाच लाखांच्या आत आलात की कर शून्य," समर्थ म्हणाला. "राष्ट्रीय पेन्शन योजनेत स्वतःचे वर्षाला पन्नास हजार भरा. त्याची वजावट वेगळी मिळते, फंड-विम्याच्या दीड लाखाच्या वर. कंपनीनं कापलेला कर परत येईल, आणि साठीनंतर पेन्शन सुरू."

शेजारी बसलेला हनुमंत डोळा मिचकावून म्हणाला, "भरायला कशाला पायजे? नुसते भरले म्हणून दाखव. आमचं तसंच करतोय ह्यो. रिफंड आला की तिसरा हिस्सा त्याचा."

कान्हूनं मान हलवली. "मला पेन्शन पायजे. नुसता कर सोडवून काय करू?"

समर्थ हसला. "तुमचं खरंखुरं खातं काढतो. फक्त रोख द्या. ऑनलाइनला ओटीपी लागतो, आणि तुमचा फोन दिवसभर लॉकरमध्ये."

ते पटण्यासारखं होतं. घणाजवळ फोन न्यायला बंदीच होती. कान्हूनं तीन वर्षं दर फेब्रुवारीत पन्नास हजार नेऊन दिले. ओव्हरटाइम मारून, दोन दिवाळ्या कोऱ्या कपड्यांवाचून काढून. प्रत्येक वेळी समर्थनं छापील पावती दिली, वर बारा आकडी खाते नंबर. आणि दरवर्षी पंधरा हजारांच्या आसपास रिफंड खरंच बँकेत जमा झाला. सरकारनंच पैसे परत केले म्हटल्यावर शंका घ्यायला जागा कुठं होती?

मागच्या डिसेंबरात त्याच्या फोनवर आयकर खात्याचा मेसेज आला. तुम्ही मागितलेल्या वजावटी तपासा, चूक असेल तर विवरणपत्र दुरुस्त करा. कान्हूला नीट कळेना. सरदारची मुलगी महेक तळेगावातच एका सीएकडे कामाला होती. कान्हू तिन्ही पावत्या घेऊन तिच्याकडे गेला. महेकनं नंबर टाकला, परत टाकला, पावती उजेडाकडे धरून बघितली.

"काका, हे खातं नाहीये."

"म्हंजी बंद झालं?"

"कधी उघडलंच नाही. नंबर खोटा आहे, पावत्या घरी छापलेल्या आहेत. तुमच्या नावानं एक रुपयाही भरलेला नाही. त्यानं रिटर्नमध्ये फक्त पन्नास हजारांची वजावट लिहिली आणि आयकर खात्यानं विश्वास ठेवून रिफंड दिला. आता ते तपासतायत. हा सगळा कर तुम्हाला व्याजासकट परत करावा लागेल."

कान्हू घरी आला आणि बुटांसकट पलंगावर बसला. बबितानं विचारलं, त्यानं सांगितलं. ती सरळच म्हणाली, "दीड लाख रोख दिलं? बँकेत जाऊन एकदा इचारलं पन न्हाई?"

त्याचा हात सुटला. ती गॅसच्या ओट्यावर आपटली, ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त ब्लाऊजवर उतरलं. कान्हू जागीच उभा राहिला. बबितानं पदर तोंडाला लावला, आत जाऊन पिशवी भरली, आणि दारात थांबून म्हणाली, "बापाचा हात घिऊन आलात ह्या घरात. आता त्यो हात घिऊनच ऱ्हावा." ती बेगडेवाडीला बहिणीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती. सकाळी अकरा वाजता तो समर्थच्या ऑफिसात शिरला. वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर एक खोली, काचेचं दार, भिंतीवर कॅमेरा. समर्थ एकटाच होता. कान्हूनं पावत्या टेबलावर टाकल्या. समर्थनं त्या बघितल्या आणि त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"भाऊ, बसा. ऐका तरी. तुम्हाला रिफंड मिळालाच ना? तुमचं नुकसान—"

वाक्य पुरं झालं नाही. कान्हूनं त्याला कॉलरला धरून टेबलावरून अलीकडे ओढला. पहिला ठोसा नाकावर बसला आणि नाक एका बाजूला वळलं. दुसऱ्याला समर्थचा चष्मा फुटून भुवईत घुसला. तो ओरडायला लागला तेव्हा कान्हूनं त्याचं तोंड टेबलावर दाबलं, उजवा हात ताणून पसरला, कागदांना भोकं पाडायचं जड पंचिंग मशीन उचललं आणि मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज त्यानं ऐकला. सांडशीत तुकडा धरल्यासारखा तो हात त्यानं फिरवला आणि परत घातलं. "ह्याच हातानं लिवलंस ना? ह्याच हातानं?" असं तो विचारत होता, हे पुढं कॅमेऱ्याच्या चित्रणात ऐकू आलं. त्याला स्वतःला काही बोलल्याचं आठवत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर पाय वाजले. मेसेज एकट्या कान्हूला आला नव्हता. हनुमंत आणि त्याच्यामागं पंधरा-वीस जण आत घुसले. त्यातल्या बहुतेकांनी पेन्शनीत काहीच भरलं नव्हतं, खोटी वजावट मागून रिफंडात हिस्सा दिला होता. आता सगळा रिफंड परत करावा लागणार म्हणून ते पेटले होते, आणि सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. खुर्च्या फुटल्या, संगणक खिडकीतून रस्त्यावर गेला. समर्थ भिंतीशी पडला होता, त्याच्या पोटात, तोंडात, जिथं बसेल तिथं लाथा बसत होत्या. एकजण खाली पळाला आणि मोटारसायकलमधलं पेट्रोल बाटलीत काढून घेऊन आला. कोणी काही ठरवलं नव्हतं. बाटली हातोहात पुढं आली आणि हनुमंतनं ती समर्थच्या अंगावर उपडी केली.

"काडी आन रं!"

तो वास नाकात गेला आणि कान्हू भानावर आला. त्यानं हनुमंतला खांद्यानं ढकललं. "न्हाई. बास. बास झालं!" कोणी ऐकेना. तेव्हा तो समर्थच्या अंगावर आडवा पडला. लाथा आता त्याच्या पाठीवर बसायला लागल्या. कोणीतरी खुर्चीचा लोखंडी पाय डोक्यात घातला. दुसऱ्या घावाला कान फाटला. खालचा माणूस त्याच्या छातीशी रडत होता, त्याचं रक्त आणि पेट्रोल कान्हूच्या शर्टात मुरत होतं. "पेटवशील तर मला बी पेटव, हनुमंत," एवढं तो म्हणाला. काडीपेटी कोणाच्या तरी हातात होती. ती पेटली नाही. खालच्या दुकानदारानं पोलिसांना बोलावलं होतं, शिट्टी ऐकू आली, आणि ज्या जिन्यानं माणसं आली त्याच जिन्यानं एकमेकांना तुडवत पळाली.

कान्हू पळाला नाही. डोक्याला नऊ टाके पडले. मग अटक झाली, कारण कॅमेऱ्यात पहिला हात त्याचाच होता. जामीन मिळेपर्यंत सव्वीस दिवस तो आत होता. तिथं पहिल्या आठवड्यात अंघोळीच्या रांगेत एकानं त्याला धक्का दिला. कान्हूची मूठ वळली, वर गेली, आणि तशीच थांबली. समोरच्याला मात्र थांबायचं कारण नव्हतं, त्यानं कान्हूचा दात पाडला. कान्हू तोंड धुऊन परत रांगेत उभा राहिला.

जामिनाच्या दिवशी सरदार न्यायला आला. गाडीवर बसायच्या आधी त्यानं कान्हूला समोर उभं केलं.

"माज्या पायानं तुजी बोटं गेली तवा तू म्हनलास, तुजी चूक न्हाई. मी तसं म्हननार न्हाई. त्या पोराचा हात मोडलास, ती तुजी चूक हाय. वहिनीवर हात टाकलास, ती बी तुजी चूक हाय. कळलं?"

"व्हय," कान्हू म्हणाला.

"आता बस गाडीवर."

पुढचे महिने वाईट गेले. कंपनीनं निलंबित केलं, पगार निम्मा झाला. महेकनं त्याला समोर बसवून तिन्ही वर्षांची विवरणपत्रं दुरुस्त केली, खोट्या वजावटी काढून टाकल्या. परत आलेला सगळा कर, त्यावर व्याज, त्यावर जादा भुर्दंड. कान्हूनं मोटारसायकल विकली आणि भरला. समर्थविरुद्ध फसवणुकीची तक्रार द्यायला कारखान्यातलं कोणी पुढं येईना, कारण तक्रार द्यायची तर आपणही खोटं मागितलं हे सांगावं लागणार. कान्हू एकटा गेला. जबाबात त्यानं दीड लाखांचं सांगितलं आणि मागोमाग आपण समर्थचा हात कसा मोडला तेही सांगितलं. हवालदारानं लिहिता लिहिता वर बघितलं. "हे इथं सांगायची गरज नाही."

"ऱ्हाऊ द्या लिवल्यालं," कान्हू म्हणाला.

फेब्रुवारीत तो बेगडेवाडीला गेला. बबिता बाहेर आली, पण बस म्हणाली नाही. तिच्या ओठावर पांढरा व्रण राहिला होता. कान्हूला तिच्याकडे बघवेना.

"माफी मागायला आलाव का न्यायला?" तिनं विचारलं.

"माफी मागायला. येनं तुज्यावर हाय."

"मी येईन. पर ध्येनात ठिवा. परत हात उचलला तर मी हितं येनार न्हाई. सरळ पोलिसात जाईन, आन् मानसीला बरूबर घिऊन जाईन."

ती आठ दिवसांनी आली. तेही त्याच्याबरोबर नाही, एकटी, लोकलनं.

समर्थलाही अटक झाली होती आणि जामीनही मिळाला होता. मार्चमध्ये दोघांच्या तारखा एकाच दिवशी लागल्या. वडगावच्या कोर्टाबाहेर समर्थ बाकावर बसला होता, मनगटात सळई, बोटं अर्धवट वळलेली, नाक वाकडं. आई शेजारी होती. कान्हूला बघून ती मुलाच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. कान्हू चार पावलांवरच थांबला.

समर्थच बोलला. "त्या दिवशी माझ्या अंगावर का पडलात? तुम्हीच तर मारायला आला होतात."

कान्हू म्हणाला, "भट्टीचं तेल अंगावर उडून जळल्याला मानूस मी बगितलाय. चार दिवस जित्ता व्हता. तुला मारायचं व्हतं मला, लय मारायचं व्हतं. आजबी तुजं तोंड बगून हात वळतोय. पर तसं जळताना कुनाला बगायचं नव्हतं."

"पैसे आत्ता नाहीत माझ्याकडे."

"कोर्ट सांगंल तवा दे."

म्हातारी तशीच उभी होती. कान्हू तिला वळसा घालून आत गेला.

दोन्ही खटले अजून चालू आहेत. कंपनीच्या चौकशीत सरदारनं साक्ष दिली, कान्हूची बाजू घेतली नाही, जे होतं ते सांगितलं. एप्रिलमध्ये कान्हूला ताकीद देऊन परत घेतलं, पण घणावर नाही, माल मोजायच्या खात्यात. तिथं शांतता असते. पहिले काही दिवस त्या शांततेनं त्याचं डोकं दुखायचं.

मे महिन्यात तो बबिताला घेऊन महेकच्या ऑफिसात गेला. आता खातं काढायचं होतं, खरं.

"काका, एक सांगते," महेक म्हणाली. "नियम बदललेत. नवीन पद्धतीनं रिटर्न भरलं तर तुमच्या पगारावर कर बसतच नाही. त्या पद्धतीत पेन्शनीत स्वतः भरलेल्याची वजावट मिळत नाही, आणि तुम्हाला ती लागणारही नाही."

कान्हूनं विचारलं, "मंजी ज्यासाठी येवडं सगळं झालं, त्ये आता लागतच न्हाई?"

"करासाठी नाही लागत. पेन्शनसाठी भरायचं असेल तर भरा."

"वजावट न्हाई, तर कुनाच्या नावावर भरलं तरी येकच?"

"कराच्या बाबतीत एकच."

कान्हूनं मान खाली घातली. त्याच्याकडे तेव्हा फार थोडे पैसे होते. ते त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवले आणि बबिताकडे न बघता म्हणाला, "मंग हिच्या नावानं काड. माजं पुडल्या वर्सी बगू."

बबितानं अर्ज ओढून घेतला. तिनं तो घाई न करता, एकेक ओळीवर बोट ठेवून वाचला, न कळलेलं महेकला विचारलं. फोटो चिकटवला. पैसे तिनं महेकच्या हातात दिले नाहीत. बँकेत जाऊन स्वतःच्या खात्यात जमा केले, तिथूनच भरले, आणि ओटीपी स्वतःच्या फोनवर घेतला. ऑफिसात परत आल्यावर अर्जात नॉमिनीचा, म्हणजे आपल्यामागं पैसे कोणाला जावेत तो, रकाना तेवढा उरला होता.

"काकू, काकांचं नाव घालू?" महेकनं विचारलं.

"न्हाई," बबिता म्हणाली. "मानसीचं घाल."

महेकनं कान्हूकडे बघितलं. कान्हू म्हणाला, "ती सांगती तसं लिव, पोरी." महेकनं नाव लिहिलं, आणि बबितानं खाली सही केली.